‘शैली’ विकसित करतात, की हात बसतो?

प्रश्न चित्रकलेच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या एका वाचक मुलीचा आहे. प्रदर्शनाच्या पत्रकासाठी तिने लिहिलं होतं, ‘गेली काही वर्षे मी माझी वैयक्तिक शैली विकसित करत आहे.’ सरांनी ‘विकसित करत’ या शब्दांभोवती गोल केला, पण पर्याय दिला नाही. ती विचारते, यात चुकलं काय? शैलीऐवजी ढंग, धाटणी, हातोटी, वळण यांतलं काही घ्यावं का? आणि वर्गात सगळे ‘स्टाइल डेव्हलप करणं’ म्हणतात, त्याला सरळ मराठीत काय म्हणायचं?

व्याकरणाच्या दृष्टीने वाक्यात काही चूक नाही. तरी सरांना जे खटकलं ते मलाही खटकतं, आणि त्याचं कारण ‘शैली’ या शब्दातच आहे.

शैली हा शब्द शील वरून आला. शील म्हणजे स्वभाव, अंगात मुरलेली वागण्याची रीत. म्हणजे शैलीचं नातं आधी माणसाशी आहे, मग कागदाशी. पाणिनीच्या व्याकरणसूत्रांवरच्या पतंजलीच्या महाभाष्यात हा शब्द फार सुंदर आला आहे. सूत्रांमध्ये वर्णांचा क्रम कसा लावला आहे याची चर्चा चालू असताना भाष्यकार म्हणतात, ‘एषा ह्याचार्यस्य शैली लक्ष्यते’. आचार्यांची ही शैली लक्षात येते, की ते सारख्या जातीच्या गोष्टी सारख्यांतच सांगतात, स्वर स्वरांत आणि व्यंजनं व्यंजनांत. यातलं ‘लक्ष्यते’ हे क्रियापद बघा. सूत्रकार सूत्रं रचतात, आणि त्यांची शैली दुसऱ्याच्या लक्षात येते.

अलंकारशास्त्रात, म्हणजे संस्कृत काव्यविचारात, हीच गोष्ट रीती, मार्ग या नावांनी चर्चिली गेली. वैदर्भी रीती, गौडी रीती अशी प्रदेशांवरून नावं पडली, आणि त्यातल्या पहिल्या नावात आपला विदर्भ आहे. काश्मीरच्या कुंतक या काव्यशास्त्रकाराला मात्र ही व्यवस्था मान्य नव्हती. तो म्हणतो, देश असंख्य, मग रीतीही असंख्य मानाव्या लागतील. मामेबहिणीशी लग्न करणं हा एखाद्या प्रदेशाचा आचार असू शकतो. काव्य करणं हे तसं देशाचाराने ठरत नाही. मार्ग वेगळे होतात ते कवींचे स्वभाव वेगळे असतात म्हणून. सुकुमार स्वभावाच्या कवीची शक्ती तशी असते, त्या शक्तीला साजेशी व्युत्पत्ती, म्हणजे व्यासंगातून येणारी जाण, तो मिळवतो, आणि अभ्यासही त्याच दिशेने करतो. सुमारे हजार वर्षांपूर्वीचं हे विवेचन चित्रकाराला आजही जसंच्या तसं लागू पडतं असं मला मनापासून वाटतं. अभ्यास सोडून द्या असं कुंतक सांगत नाही. अभ्यासाला दिशा स्वभावाकडून मिळते, एवढंच सांगतो.

आता बोलीकडे येऊ. कारागिरांच्या तोंडी शैली हा शब्द क्वचितच येतो. तिथे शब्द आहे ‘हात’. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात एकाच साच्यातून शेकडो मूर्ती निघतात, रंगही तेच असतात. पण डोळ्यांची आखणी सरसकट कुणाकडेही देत नाहीत, त्यासाठी बसलेला हात लागतो. भुवईची रेघ कुठे जाड होऊन कुठे निमुळती होते, बुबुळ वरच्या पापणीला किती टेकतं, यावर मूर्तीचा सगळा भाव अवलंबून असतो. आखणी करणारा बदलला की साचा तोच असूनही चेहरा निराळा दिसतो, आणि जाणकार म्हणतो, ‘हा हात वेगळा आहे.’ इथे हात म्हणजे कौशल्यही आणि ओळखही. स्वयंपाकात ‘तिच्या हाताला चव आहे’ म्हणतो त्यातला हात हाच.

या हाताबरोबर येणारी क्रियापदं मुद्दाम ऐका. हात बसतो. हाताला वळण लागतं. हातोटी साधते. एखादी गोष्ट अंगवळणी पडते. ‘मी हात बसवला’ असंही कोणी म्हणेल, पण रोजच्या बोलण्यात कर्ता बाजूला उभा असतो आणि गोष्ट घडत असते. ‘विकसित करणे’ मध्ये कर्ता सगळं हातात घेऊन बसतो. भूखंड विकसित करतात, लस विकसित करतात. तिथे काय हवं ते आधी ठरलेलं असतं. गंमत अशी की ‘विकसणे’ हे आपलं जुनं, अकर्मक क्रियापद आहे, आणि त्याचा मूळ अर्थ उमलणे. ‘शैली विकसत गेली’ हे अगदी चांगलं मराठी आहे. बिघाड विकास या शब्दात नाही, त्याला जोडलेल्या ‘करणे’ मध्ये आहे.

अमूर्त चित्रांसाठी ओळखले जाणारे चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचं उदाहरण घ्या. 1924 साली नागपुरात जन्म, 1948 मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका. सुरुवातीच्या कामात मानवाकृती आहेत, भारतीय लघुचित्रांचा आणि युरोपीय चित्रकार पॉल क्लेचा अभ्यास दिसतो. मग आकृती विरत जातात, आणि पुढे रोलर आणि पॅलेट नाइफने थरावर थर चढवलेले, काही ठिकाणी खरवडून काढलेले ते प्रकाशमान पृष्ठभाग येतात, जे बघताच आपण ‘गायतोंडे’ म्हणतो. या प्रवासाचं वर्णन करताना ‘शैली विकसित केली’ लिहिलं तर रोलर हाती घेण्याच्या आधीच त्यांना शेवट ठाऊक होता असं वाटतं. ‘शैली घडत गेली’ म्हटलं की मधली वर्षं वाक्यात येतात.

आता तुम्ही विचारलेले बाकीचे शब्द, आणि त्यांच्या जवळचे आणखी काही. ढंग आणि धाटणी या कामाच्या बाहेरून दिसणाऱ्या रूपाबद्दल आहेत: ‘जुन्या दिवाळी अंकांच्या धाटणीचं मुखपृष्ठ’. धाटणी उचलता येते, म्हणून स्वतःच्या कामाबद्दल लिहिताना मी ती टाळेन. बाज संगीतातून आला, त्यात चवीचा भाग जास्त. पठडी म्हणजे ठरलेली वाट, आणि आज ती बहुधा ‘पठडीबाहेरचा’ अशा कौतुकातच भेटते.

लकब मात्र सांभाळून वापरण्याचा शब्द आहे. लकब म्हणजे सवयीने पुन्हा पुन्हा येणारी एखादी खूण: मान तिरकी ठेवणं, रेघेचं टोक दर वेळी तसंच उडवणं. कला शिकणाऱ्यांची इथे फार गल्लत होते. एकच आकार दहा चित्रांत आला की शैली सापडली असं वाटतं, पण सापडलेली असते लकब. चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या चित्रांत पान येतं, घड्याळ येतं. पण दुसऱ्या कुणी घड्याळ काढलं म्हणून ते चित्र बरव्यांच्या वाटेचं होत नाही. वस्तूंमधलं अंतर, रिकाम्या जागेला दिलेलं वजन, एनॅमल रंगाचा तो सपाट शांतपणा, हे सगळं मिळून बरवे होतात.

छाप आणि ठसा यांतही फरक करायला हवा. ‘तिच्या चित्रांवर दलालांची छाप आहे’ म्हणजे दुसऱ्याचं तिच्यात उतरलं आहे. ‘तिने आपला ठसा उमटवला’ म्हणजे तिचं काही बाहेर उमटलं आहे. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर, दोघेही मूळचे गोव्याचे, एकाच काळात मराठी मासिकांची मुखपृष्ठं करत होते. दलालांची ठाम, लयदार बाह्यरेषा आणि मुळगावकरांच्या स्प्रेने उतरलेल्या मऊ छटा यांत वाचकाची गफलत होत नसे. सही बघावी लागत नसे. ठसा म्हणतात तो हा. शिकण्याच्या वर्षांत छाप असणारच, आणि ती कबूल करण्यात कमीपणा नाही.

राहिला ‘वैयक्तिक’. शैली समूहाचीही असते, पहाडी शैली, राजस्थानी शैली, तेव्हा विशेषण लागतं हे खरं. पण ‘वैयक्तिक’ ला अर्जाचा वास येतो, ‘स्वतःची’ पुरे.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘गेली काही वर्षे मी अमुक माध्यमात, अमुक विषयावर सातत्याने काम करते आहे; त्यातून माझी स्वतःची शैली घडते आहे.’ ‘अमुक’ च्या जागी नेमकं लिहा, कोळसा की जलरंग, चाळी की खाड्या. आणि वर्गात बोलताना ‘स्टाइल डेव्हलप होतेय’ ऐवजी ‘हात बसतोय’ म्हणून बघा. कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही.