पाऊस नाही, धुई नाही, तरी शाळूत बुरशी कशी?

तुम्ही विचारलंय की दिवाळीनंतर थेंब पडला नाही तरी शाळू, म्हणजे रब्बीची जवारी, बुडातून मोडून आडवा झाला, ताट चिरलं तर आत काळं, मग बुरशी ओलीवर येते म्हणतात ते कसं. खरीपातली हायब्रीड जवारी दाणा भरताना पावसात सापडली की काळी पडते, ती बुरशी ओलीवरचीच. तुमच्याकडं आलाय तो खडखड्या रोग, अन् त्याला उलट कोरडं रान लागतं.

हा रोग करणारी मॅक्रोफोमिना नावाची बुरशी आहे, मोहरीहून बारीक काळ्या गाठी करून जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहते. शाळू अख्खा जमिनीतल्या ओलीवर येतो. दाणे भरायच्या टायमाला कणीस ताटातला सगळा रस ओढतं, खाली भेगा पडलेल्या, ऊन वाढलेलं, मुळं दमलेली, आणि नेमकी तेव्हा ही मुळातून वर चढते. आतला भेंड संपतो, नुसते दोरे उरतात आणि त्याच्यावर मिरपूड टाकल्यासारखे काळे ठिपके. दाणा पोचट.

माझंच सांगतो. एका साली मी शाळू दाट पेरला, वरून शेजाऱ्याचं बघून युरिया जास्त टाकला, पीक असं काळंभोर आलं की येणारा जाणारा थांबून बघायचा. हुरडा झाला अन् आठ दिवसात मुरमाड पट्टी सगळी झोपली. खालच्या भारी रानात बी तेच, खत तेच, तिथं फार तर दहा-वीस ताटं पडली. दाट पेरलं की तेवढीच ओल जास्त तोंडांत वाटली जाते, एवढं साधं गणित मला तवा कळलं नाही.

आता फवारून काही होत नाही, दुकानदार देईल पण घेऊ नका. पडलेल्याची कणसं पक्की झाली की लगेच खुडून घ्या. पुढच्या साली ४५ बाय १५ सेंटीमीटरवर विरळ ठेवा, कोळपण्या करून भेगा बुजवा, पाणी एकच असंल तर पोटरीत, म्हणजे कणीस पानाच्या पोटात असताना, ५०-५५ दिवसांनी द्या. आणि हो, त्या रानात हरभरा घेऊन सुटका होईल असं वाटत असंल तर थांबा, हरभऱ्याची कोरडी मूळकूज हीच बुरशी करते, सोयाबीनलाही सोडत नाही.