चार खंड हप्त्यावर? आधी लाकूड घ्या

तुम्ही लिहिता: कराडला नोकरी, हातात 27,000 पगार, बँकेत शिल्लक 18,000. साताऱ्याच्या आदिती स्वामीने 2023 मध्ये बर्लिनला जागतिक विजेतेपद मिळवल्यापासून धनुर्विद्येचं वेड लागलंय, आता लाकडी धनुष्यं स्वतः घडवायचीत, पुढे विकायचीही. (तिचं कंपाउंड धनुष्य चाकं-केबलवालं, कारखान्यातलं. असो.) त्यासाठी ‘ट्रॅडिशनल बोयर्स बायबल’ या धनुष्य बनवण्यावरच्या इंग्रजी ग्रंथाचे चारही खंड 13,500 रुपयांना (पहिला खंड सुटा साडेतीन हजारांना), नऊ महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घ्यावेत का?

चारही नकोत, आणि हप्त्यावर तर नकोतच. नो-कॉस्टमध्ये व्याजाइतकी सूट मिळते खरी, पण क्रेडिट कार्डावर घेतलंत तर त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आणि बहुतेक वेळा प्रक्रिया शुल्क तुमच्याच खिशातून जातं. शिवाय 18,000 ही तुमची एका महिन्याच्या पगाराएवढीही गंगाजळी नाही.

आधी अमेरिकन धनुर्धर सॅक्स्टन पोप यांचं 1923 चं ‘हंटिंग विथ द बो अँड ॲरो’ वाचा. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे, धनुष्य बनवण्यावर त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. पोप यांचं लाकूड यू नावाच्या सूचिपर्णी झाडाचं, ते आपल्याकडच्या वखारीत मागू नका. पण काम कसं चालतं ते कळेल. ते वाचून हात शिवशिवत असतील तरच बायबलचा पहिला खंड घ्या, तुम्ही लिहिलेल्या साडेतीन हजारांत, रोखीने. नवशिक्याचं खरं काम म्हणजे टिलरिंग, आणि ते त्यात आहे: धनुष्य थोडं वाकवायचं, कुठे ताठ राहतंय ते बघायचं, तिथलंच लाकूड खरवडायचं, पुन्हा वाकवायचं. एका जागी जास्त खरवडलं की तिथेच बिजागरीसारखं मुडपतं आणि काम संपलं. फळीपासून धनुष्य करण्याचं प्रकरण दुसऱ्या खंडात आहे, म्हणून पुढचा नंबर त्याचा. तिसरा-चौथा सध्या विसरा.

या छंदात पैसा मोडलेल्या लाकडात जातो. चार हजार त्यासाठी बाजूला काढा: रंधा, कानस, दोन-तीन सरळ रेषांच्या फळ्या. वखारीत फळी उभी धरून कडेने बघा. रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या पाहिजेत, मध्येच बाजूला निसटणारी फळी स्वस्त असली तरी सोडा. पावसाळ्यात घेऊ नका, ओलं लाकूड वाकलेलंच राहतं.

13,500 मधले उरलेले सहा हजार शिल्लकीत टाका, ईएमआयला जाणार होते तसेच, महिन्याला थोडेथोडे. धनुष्यं विकायचं म्हणता, त्याचा हिशेब एखादं न मोडता वर्षभर टिकलं की पाठवा.