वाळवंटात नेचा जगतो कसा?
नेच्याला (म्हणजे फर्नला) ओल लागते, मग वाळवंटात तो तगतो कसा, हा प्रश्न रास्तच आहे. अमेरिकेतल्या सोनोरन वाळवंटात चिलँथिस आणि त्याच्या जवळचे नेचे खडकांच्या कपारीत वाढतात. तिथे सावली मिळते, मुळांशी थोडी ओलही टिकते. पान जवळून बघा: मण्यांसारख्या बारीक पर्णिका, खालून दाट लव नाहीतर खवले. पाणी संपलं की पान आत वळतं, तपकिरी आणि कुरकुरीत होतं. मेलं समजून उपटू नका! चांगला पाऊस झाला की तेच पान उलगडून पुन्हा हिरवं होतं. मला सगळ्यात थक्क करतं ते पुढचंच. नेच्याच्या शुक्रपेशींना पोहायला पाण्याचा थर लागतो, म्हणून यातल्या बऱ्याच जातींनी फलनच, म्हणजे नर-मादी पेशींचं मीलनच, वगळलंय. बीजाणूतून (नेच्याच्या धुळीसारख्या बारीक पुनरुत्पादक कणातून) उगवलेल्या इवल्याशा हिरव्या चकतीतून थेट नवा नेचा फुटतो.