विग आत्ताच पाहून ठेव

ताई, तुझी केमो (कॅन्सरवरची औषधं) सुरू होण्याआधी डॉक्टरांना विचार, सगळ्याच केमोत केस जात नाहीत. जाणार असतील तर पहिल्या डोसनंतर साधारण 2-3 आठवड्यांत गळू लागतात. म्हणून केस आहेत तोवरच विग पहा. रंग जुळवायला एक बट कापून सोबत ने.

मला नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका दुकानात सगळ्या गिऱ्हाइकांसमोर डोक्यावरचा दुपट्टा काढायला लावला. तशीच परत आले. तू आधी फोन करून आडोशाची खोली आहे का, ते विचार. दवाखान्यातल्या समाजसेविकेशीही बोल, कधी दानात आलेले विग मिळतात.

आणि खरं सांगू? मे महिन्यात, 45 अंशांत, विग नकोसाच होतो. आतून सुती टोपी घाल, घरी नुसता दुपट्टा पुरे. सिंथेटिक असेल तर गॅससमोर काढूनच ठेव, गरम वाफेने केस आखडतात.