सोडियम कमी आलंय, मग पाणी का कमी करायचं?

प्रश्न: आई 72 वर्षांची आहे. बीपीसाठी क्लोरथॅलिडोन सुरू केल्यावर काही दिवसांतच ती गळून गेली, मळमळायला लागलं, बोलताना गोंधळ व्हायला लागला. सोडियम 121 आलं. डॉक्टरांनी गोळी बंद केली आणि दिवसाला एक लिटरच पाणी द्या म्हणाले. घरातले सगळे म्हणतात मीठ वाढव. नक्की काय करू?

उत्तर: डॉक्टरांचंच ऐका, मीठ स्वतःहून वाढवू नका. रिपोर्टमधला सोडियमचा आकडा अंगात एकूण मीठ किती आहे ते सांगतच नाही, पाण्याच्या मानाने सोडियम किती एवढंच सांगतो. नॉर्मल 135 ते 145. तो खाली गेला की बऱ्याचदा मीठ संपलेलं नसतं, पाणी जास्त झालेलं असतं. हार्ट फेल्युअरच्या पेशंटचे पाय सुजलेले असतात, अंगात मीठ उलट जास्तच असतं, तरी सोडियम कमी येतं, आणि तिथे कुणी मीठ चारलं तर सूज आणि दम दोन्ही वाढतात.

आता आईचं. किडनी दिवसाला साधारण 180 लिटर पाणी गाळते आणि त्यातलं जवळपास सगळं परत घेते, लघवी होते दीड-दोन लिटर. जास्तीचं पाणी बाहेर टाकायचं तर लघवी पातळ करावी लागते, आणि क्लोरथॅलिडोनसारख्या, लघवी वाढवून बीपी उतरवणाऱ्या गोळ्या नेमकं तेच बिघडवतात, म्हणजे सोडियम लघवीतून जातं पण प्यायलेलं पाणी आतच राहतं. वयस्कर बायकांमध्ये हे जास्त दिसतं. रक्त पातळ झालं की पाणी मेंदूच्या पेशींत शिरतं, त्या फुगतात, म्हणून तो गोंधळ.

आकडा पटकन वर यावा असं वाटणं साहजिक आहे, पण घाई फार महागात पडते. 24 तासांत 8 ते 10 पेक्षा जास्त वाढलं तर मेंदूतल्या मज्जातंतूंवरचं आवरण खराब होऊ शकतं, म्हणूनच परत परत रक्त तपासतात, त्याला कंटाळू नका. पोटॅशियमही बघून घ्या, या गोळीने तेही उतरतं.

आणि हे पाणी कमी करणं सगळ्यांसाठी नाही हं, उलट्या-जुलाबात मीठ आणि पाणी दोन्ही जातं, तिथे दोन्ही भरून द्यावं लागतं.

गोळीचं नाव आईच्या फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, म्हणजे पुढे कुणी परत देणार नाही. झोपाळू झाली, उठवून उठेना किंवा फिट आली तर फोन करत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.