वाचकांचे प्रश्न : शाळेतला इतिहास

प्रश्न : देश १५ ऑगस्टला स्वतंत्र झाला, मग आमच्या शाळेत १७ सप्टेंबरलाही ध्वजवंदन का होते? (इयत्ता सातवी, परभणी)

उत्तर : कारण १५ ऑगस्ट १९४७ रोजी आपला मराठवाडा भारतात नव्हता. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे तेव्हाचे पाचही जिल्हे हैदराबाद संस्थानात मोडत होते आणि निजाम मीर उस्मान अली खान याने भारतात विलीन होण्यास नकार दिला होता. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत आणि निजाम यांच्यात एका वर्षासाठी ‘जैसे थे’ करार झाला, म्हणजे आहे ती स्थिती तशीच ठेवायची असे ठरले. तरीही कासीम रझवीच्या रझाकारांचे, म्हणजे निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र स्वयंसेवकांचे, अत्याचार थांबले नाहीत आणि स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसचा लढाही थांबला नाही. अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, सोलापूरकडून आलेल्या तुकड्यांनी पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतला आणि १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. या लष्करी मोहिमेलाच ‘पोलीस कारवाई’ म्हणतात; उत्तरपत्रिकेत तेवढेच लिहून मुले पुढे जातात, याचे मला वाईट वाटते. ती कारवाई पाच दिवसांची होती. त्याआधी वर्षभराहून अधिक काळ गावोगावच्या साध्या माणसांनी सोसले आणि झुंज दिली, तेही उत्तरात यायलाच हवे. जवळपास हुतात्मा स्मारक असेल तर तिथली नावे वहीत उतरवून घ्यावीत.

प्रश्न : वेरूळचे कैलास लेणे वरून खाली कोरले, हे कशावरून? (इयत्ता नववी, जालना)

उत्तर : लेण्याच्या मागच्या बाजूला जाऊन सुमारे शंभर फूट उंचीचा उभा कडा नीट पाहावा, त्यावर छिन्नीचे घाव आजही दिसतात. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, कारागिरांनी डोंगरात तिन्ही बाजूंनी खोल चर खणून मधला खडक सुटा केला आणि शिखरापासून जोत्याकडे ते कोरत आले. म्हणून कैलास ‘बांधले’ असे लिहू नये.

प्रश्न : तुघलकाने राजधानी देवगिरीला आणली, हा वेडेपणाच ना? (इयत्ता सातवी, बीड)

उत्तर : तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. नव्याने जिंकलेल्या दख्खनवर दिल्लीतून वचक ठेवणे अवघड होते, म्हणून १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने देवगिरीचे दौलताबाद केले. लोकांना सक्तीने आणले, ही मात्र त्याची मोठी चूक होती. राजधानी दिल्लीला परतल्यावर इथले सरदार त्याच्यावर उलटले आणि १३४७ मध्ये बहमनी राज्याच्या पहिल्या सुलतानाचा राज्याभिषेक दौलताबादेतच झाला.