‘स्पीकईझी’ला गुत्ता म्हणावे का?

न्यूयॉर्कमधील ‘चम्लीज’ या जुन्या मद्यालयाला दिलेल्या भेटीविषयी लिहिताना ‘स्पीकईझी’साठी, म्हणजे अमेरिकेतील दारूबंदीच्या काळात लपूनछपून चालणाऱ्या बेकायदा मद्यालयासाठी, ‘गुत्ता’ हा शब्द चालेल का, आणि ‘एटी-सिक्स’ (८६; म्हणजे ‘जिन्नस संपला’ किंवा ‘गिऱ्हाइकाला हाकलणे’) हा अमेरिकी बोलीतला प्रयोग याच जागेवरून रूढ झाला हे खरे का, असे एका वाचकाने विचारले आहे.

‘गुत्ता’ माझ्या मते चालणार नाही. गुत्ता म्हणजे मुळात मक्ता; मराठवाड्यात रस्त्याचे काम घेणाऱ्याला आजही गुत्तेदारच म्हणतात. दारूचा गुत्ता हा सरकारदरबारी रक्कम भरून मिळवलेला विक्रीचा हक्क, आणि त्यावरून ते दुकान. चम्लीजचा मामला नेमका उलटा. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी असताना लीलंड चम्ली यांनी ग्रीनिच व्हिलेजमधील ८६, बेडफर्ड स्ट्रीट येथे, पूर्वीच्या लोहाराच्या दुकानात, १९२२ मध्ये हा धंदा मांडला. दारावर पाटी नव्हती (बंदी उठल्यावरही ती लागली नाही), आणि मागे पामेला कोर्ट या छोट्या चौकातून बॅरो स्ट्रीटकडे निसटण्याची सोय होती. तेथे ऊठबस असलेल्या लेखकांच्या पुस्तकांची वेष्टने भिंतींवर चौकटीत लावलेली असत. कवयित्री एडना सेंट व्हिन्सेंट मिले तर काही काळ त्याच रस्त्यावर साडेपंच्याहत्तर क्रमांकाच्या चिंचोळ्या घरात राहत होत्या.

अशा जागेला मराठीत ‘अड्डा’ हाच शब्द शोभतो. मुंबई राज्यात १९४९ च्या कायद्याने दारूबंदी आली, तेव्हा राहत्या घरात ओळखीच्या गिऱ्हाइकाला हातभट्टीची पाजणारा ‘आंटीचा अड्डा’ मुंबईच्या बोलीत रुजलाच होता. चम्लीजसाठी ‘चोरटा दारूअड्डा’ म्हणावे. मात्र हल्ली परवाना घेऊन, दार लपवून चालणाऱ्या झगमगीत बारना ‘स्पीकईझी’च राहू द्यावे, कारण तिथे चोरटे काहीच नसते.

‘एटी-सिक्स’ची दंतकथा अशी, की धाडीपूर्वी पोलिसांतलाच कोणी फोन करून गिऱ्हाइकांना ८६ क्रमांकाच्या दाराने बाहेर काढायला सांगे. कथा झकास आहे, पण १९३० च्या दशकातल्या लेखी नोंदींत हा प्रयोग सोडा-फाउंटनवरच्या, म्हणजे सोडा व आइस्क्रीम विकणाऱ्या काउंटरवरच्या, नोकरांच्या सांकेतिक बोलीत, ‘तो जिन्नस संपला’ या अर्थाने येतो. गिऱ्हाइकाला हाकलणे हा अर्थ त्यानंतरचा. चम्लीजची कथा खरी असती, तर हाकलण्याचा अर्थ आधी सापडायला हवा होता.